हलकी शेड आणि काळी जमीन : परसातील कार्यशाळेच्या पायाचे एक प्रकरण

अमरावती जिल्ह्यात दर्यापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या पट्ट्यात, एका निवृत्त शिक्षकांनी घरामागच्या परसबागेत लहानशी कार्यशाळा बांधायचे ठरवले. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून या लेखातही तेच नाव ठेवते. आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी ओसरीवर बसून त्यांनी लाकूडकाम केले होते. आता लाकडाचा लेथ, बँडसॉ, रंदा मारण्याचे यंत्र आणि एक भक्कम कामाचे टेबल एका छपराखाली यावे, आणि शेतातली वखराची पास किंवा विळ्याची मूठ दुरुस्त करायलाही जागा असावी, अशी त्यांची इच्छा होती. जागा मोजून ठरली होती. लांबी १८ फूट, रुंदी १० फूट, म्हणजे सुमारे ५.४ मीटर बाय ३ मीटर. भिंती विटांच्या, वर पत्रा आणि पूर्वेच्या आखूड बाजूला रुंद दरवाजा. पायाचे नियोजन माझ्याकडे आले, आणि या छोट्या कामाने मला कित्येक मोठ्या घरांपेक्षा अधिक विचार करायला लावला.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मिस्त्रींनी आखणी करूनच ठेवली होती. तीन फूट खोल चर, त्यात डबर, वर सहा इंच काँक्रीट, मग विटांचे बांधकाम, जोत्याच्या आत मुरुमाची भर आणि तिच्यावर फरशी. मी शंका काढली तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, शेडच तर आहे. पत्र्याचं वजन ते किती असणार! दोन मजले चढवायचे असते तर गोष्ट वेगळी.” त्यांचा अनुभव वीस वर्षांचा आहे आणि मुरमाड जमिनीवर त्यांचा सल्ला मी डोळे मिटून मानला असता. हलक्या इमारतीला हलका पाया पुरतो, हा तर्क बहुतेक जमिनींवर खराही ठरतो. काळ्या मातीवर मात्र तो नेमका उलटा पडतो, आणि या प्रकरणाचे मर्म तिथेच आहे.

साधारण जमिनीत प्रश्न असतो तो इमारत खाली किती दबेल याचा. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिथे इमारत वर उचलली जाण्याची भीतीही तेवढीच असते. वरचे वजन जितके कमी, तितकी ही उचल सोपी. या शेडची भिंत, दोन्ही बाजूंचा गिलावा, खालची तुळई आणि छपराचा वाटा असे सगळे धरून एका मीटर लांबीला सुमारे १.७ टन भार येत होता. मिस्त्रींच्या दोन फूट रुंद चरावर तो पसरला, तर जमिनीवर चौरस मीटरला तीन टनांहूनही कमी दाब पडतो. पाणी मिळाल्यावर अशा मातीचा फुगवट्याचा दाब चौरस मीटरला दहा टनांच्या वर जाणे मुळीच नवलाचे नाही. तीन टनांनी दहा टनांना दाबून धरता येणार नव्हते. तीन मजली घर निदान स्वतःच्या वजनाने थोडा प्रतिकार तरी करते, पण पत्र्याच्या शेडला तोही आधार नसतो.

हे पटवून देण्यासाठी मला कोणताही तक्ता काढावा लागला नाही, कारण पुरावा गुरुजींच्या कुंपणभिंतीवरच होता. फाटकाजवळ एक तिरपी भेग वरपासून खालपर्यंत गेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने बारीक आडव्या रेघा ओढलेल्या होत्या. प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि अंतर लिहिलेले होते. गुरुजींनी सहा वर्षे शाळेच्या मोजपट्टीने ही नोंद ठेवली होती. मे महिन्यात भेग सात मिलिमीटर रुंद होत असे, सप्टेंबरात ती जेमतेम एक मिलिमीटरवर येई आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडे. फाटकाची कडीही श्रावणात खाचेत बसत नसे आणि होळीनंतर आपोआप बसू लागे. एखादी भेग वर्षागणिक नुसती वाढतच गेली, तर पाया खचत असल्याची शंका घ्यावी. पण ऋतूबरोबर उघडणारी आणि मिटणारी भेग दिसली, की जमीन फुगते आणि आकसते आहे हे समजावे. मिस्त्रींनी त्या रेघा बराच वेळ वाचल्या आणि चराचा विषय तिथेच सोडला.

तरीही डोळ्यांना दिसते तेवढ्यावर पाया ठरवू नये, म्हणून माती तपासली. जागेवर माणूस उतरेल एवढा दोन मीटर खोल खड्डा घेतला आणि त्याच्या तळापासून हाताने फिरवायच्या गिरमिटाने साडेचार मीटरपर्यंत खाली गेलो. वरचे सव्वा मीटर निव्वळ काळी, चिकट माती होती. तिच्या खाली पिवळसर तपकिरी चिकणमाती लागली, तिच्यात चुनखडीचे बारीक खडे होते, आणि साडेचार मीटरला गिरमिटाच्या पात्यात तीच माती येत होती. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी काळ्या मातीखाली दीड-दोन मीटरवर मुरूम लागतो, आणि तसा तो लागला की त्याच्यापर्यंत खड्डे नेऊन त्यावर पाया टेकवणे हा सर्वांत सरळ मार्ग असतो. पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात तो मार्ग मिळत नाही. गावातल्या कुठल्याही खोदाईत मुरूम लागल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

मातीचा फुगवटा मोजायची एक प्रमाणित चाचणी इतकी सोपी आहे की ती गुरुजींनी स्वतः करून पाहिली. भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात ती दिली आहे. भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घ्यायची. एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल १०० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायचे, काचेच्या कांडीने ढवळून आत अडकलेली हवा काढायची आणि किमान चोवीस तास नळ्या स्थिर ठेवायच्या. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे तिथे मूळ आकारमान कळते. गुरुजींच्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेतून मोजनळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी रॉकेलच्या नळीत माती १० मिलिलिटरवर होती आणि पाण्याच्या नळीत २२ वर. फरक १२, म्हणजे मुक्त फुगवट्याचा निर्देशांक १२० टक्के. भारतीय मानक १४९८ च्या वर्गवारीत ५० टक्क्यांच्या आत कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यापुढे अतिशय जास्त असे टप्पे आहेत. ही माती तिसऱ्या टप्प्यात बसली. या निर्देशांकावरून पायाचे गणित थेट होत नाही, पण कोणते पर्याय बाजूला ठेवायचे ते तो नक्की सांगतो.

कोणते पर्याय पाहिले

पहिला पर्याय होता तो पाया घालणेच टाळण्याचा. लोखंडी चौकटीवर पत्रे मारून अख्खी खोली दगडी ठोकळ्यांवर ठेवायची आणि दरवर्षी जिथे खालीवर होईल तिथे जॅक लावून पातळी सारखी करायची. परसात फक्त फावडी, झारी आणि खताची पोती ठेवायची असतील, तर मी हाच सल्ला देईन आणि पायावर एक रुपयाही जास्त घालवू देणार नाही. पण लेथचा पाट एका टोकाला दोन-तीन मिलिमीटर जरी पिळला गेला, तरी काम गोल येत नाही, आणि रंद्याच्या यंत्राची बैठक हलली तर ते कापताना थरथरते. यंत्रे असली की हा पर्याय बाद होतो.

दुसरा पर्याय माती बदलण्याचा. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर दीर्घकाळ काम केले. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा साधारण एक मीटर जाडीचा थर नीट दाबून घातला, तर खालच्या काळ्या मातीची उचल मोठ्या प्रमाणात रोखली जाते, हे त्यांच्या कामातून पुढे आले आणि कालव्यांच्या अस्तराखाली ती पद्धत रुजली. इथे खड्ड्याच्या कडेने थोडी जास्त खोदाई धरली, तर वीस-बावीस घनमीटर योग्य मुरूम आणावा लागला असता. खारपाणपट्ट्यात मुरूम जवळ मिळत नाही, सातपुड्याच्या पायथ्याकडून ट्रकने आणावा लागतो. शिवाय अरुंद परसात रोलर नेता येत नव्हता, आणि हाताने धुमसून एक मीटरचा थर सर्वत्र सारखा दाबला जाईल याची मला खात्री देता येत नव्हती. धुमस अर्धवट पडलेला मुरूम पावसाळ्यात पाणी साठवणारी टाकीच होतो. खात्री नसलेल्या कामावर दुसऱ्याचा पैसा लावायला मी तयार नव्हते.

उरला तो अंडर-रीम पाइलचा मार्ग. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच तो विकसित केला आणि भारतीय मानक २९११ च्या तिसऱ्या भागात, १९८० च्या आवृत्तीत, त्याचे तपशील आहेत. कल्पना अशी की काळ्या मातीतला ओलावा ऋतूनुसार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंतच बदलतो. तिथपर्यंत गिरमिटाने भोक न्यायचे, तळाशी खास हत्याराने ते रुंद करायचे, म्हणजे काँक्रीट भरल्यावर खांबाच्या पायथ्याशी फुगा तयार होतो. वरची माती फुगताना खांबाला धरून वर ओढू पाहते, पण फुगा खालच्या स्थिर मातीत रुतलेला असल्याने खांब जागचा हलत नाही. फुग्याचा व्यास खांबाच्या अडीच पट असतो. या खांबांच्या डोक्यांवर तुळई येते, तुळईवर भिंत, आणि तुळईच्या तळाखाली मोकळी फट ठेवतात, कारण ती जमिनीला टेकली तर फुगणारी माती तिलाच उचलेल आणि खालच्या खांबांचा काही उपयोग राहणार नाही.

सहा खांब ठरले : चार कोपऱ्यांत आणि दोन लांब भिंतींच्या मध्यावर. लांब बाजूला अंतर २.७ मीटर, आखूड बाजूला ३ मीटर, आणि दरवाज्याच्या खाली एकही खांब नाही. भिंतीचा भार प्रत्येक खांबावर पाच टनांच्या आत येत होता. मानकातल्या तक्त्यात साडेतीन मीटर लांबीच्या, एका फुग्याच्या २० सेंटिमीटर व्यासाच्या खांबाला ८ टन आणि २५ सेंटिमीटरच्या खांबाला १२ टन सुरक्षित भार दिला आहे. त्या हिशेबाने २० चा खांब सहज पुरेल असे मी पहिल्या कागदावर लिहूनही टाकले होते.

जमिनीचा विसर

त्या कागदात एक मोठी उणीव होती आणि ती गुरुजींच्या साध्या प्रश्नामुळे ध्यानात आली. “भिंत हलणार नाही हे समजलं. पण माझी यंत्रं भिंतीवर थोडीच उभी राहणार आहेत?”

आपल्याकडे पाया म्हटले की डोळ्यांपुढे भिंतीखालचा पाया येतो. आतली जमीन म्हणजे भर घालायची, पाणी मारायचे, धुमसायचे आणि फरशी लावायची, असे गृहीत धरले जाते. राहत्या घरात जमीन थोडी फुगली तर फरशी उचलते, दार घासते, लोक कुरकुरतात आणि दहा वर्षांनी फरशी बदलतात. कार्यशाळेत जमीन हाच खरा पाया असतो, कारण यंत्रे तिच्यावर उभी असतात. भिंत खांबांवर अढळ राहिली आणि आतली जमीन मध्यभागी दोन इंच वर आली, तर ती शेड बाहेरून निर्दोष आणि आतून निरुपयोगी ठरेल. सगळे पैसे भिंतीखाली घालून जमीन मात्र काळ्या मातीवर टेकवणे, ही चूक मी याआधी दुसऱ्यांच्या कामांत पाहिली होती. या वेळी ती माझ्याच हातून होत होती.

म्हणून जमीनही मातीपासून सोडवायची ठरली. ती सगळी तुळयांवर, म्हणजे शेवटी त्याच सहा खांबांवर, तोलायची. जागेवर स्लॅब ओतायचा तर त्याखाली फळ्या लावून नंतर त्या काढायला माणूस आत शिरू शकेल एवढी उंची नव्हती. त्यामुळे आधी तयार केलेल्या फळ्या आणि दांड्यांची पद्धत घेतली. तीही रुडकीच्याच संस्थेची आहे, आणि छपरासाठी व मजल्यासाठी ती पुष्कळ वापरली जाते. ३ मीटरच्या रुंदीत आडवे, १५ सेंटिमीटर चौरसाचे तीन काँक्रीटचे दांडे, त्यांच्यावर ३० सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर जाड अशा चाळीस फळ्या, आणि सर्वांवर बारीक जाळी घालून ५ सेंटिमीटर काँक्रीट. एका फळीचे वजन ६० किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसांच्या आवाक्यातले. या फळ्या गुरुजींच्या अंगणात कडुनिंबाच्या सावलीत साच्यात ओतल्या गेल्या आणि प्रत्येकीवर त्यांनी खडूने तारीख घातली.

दांडे तुळईच्या वरच्या भागात ठेवलेल्या खाचांत बसवले, म्हणजे जमीन उगाच उंच झाली नाही. तरीही ती परसापासून ४९ सेंटिमीटरवर गेली. दांड्यांच्या खाली २३ सेंटिमीटर आणि फळ्यांच्या खाली ३८ सेंटिमीटर पोकळी राहिली. तुळईखाली मात्र ८ सेंटिमीटरचीच फट होती. पोकळीत साप-उंदीर शिरू नयेत म्हणून बाहेरून सुट्या विटांची एक रांग लावली, तिला तुळईशी जोडले नाही, आणि हवा खेळण्यासाठी चार ठिकाणी जाळ्या ठेवल्या.

आता भाराचा हिशेब पुन्हा मांडला. जमिनीचे स्वतःचे वजन आणि यंत्रे, लाकूड, माणसे यांसाठी चौरस मीटरला अर्धा टन धरून एकूण भार चौरस मीटरला ०.८ टन होतो. त्यामुळे लांब भिंतीच्या मधल्या खांबावरचा भार पाच टनांच्या आतून पावणेआठ टनांच्या वर गेला, म्हणजे २० सेंटिमीटरच्या खांबाची मर्यादा जवळजवळ गाठली गेली. शिवाय खाऱ्या जमिनीत सळईवर काँक्रीटचे आवरण चांगले ५ सेंटिमीटर हवे, आणि २० सेंटिमीटरच्या भोकात दोन्ही बाजूंचे आवरण सोडले तर सळ्यांना जेमतेम १० सेंटिमीटर जागा उरते. म्हणून २५ सेंटिमीटर व्यास घेतला. आत १० मिलिमीटरच्या चार सळ्या आणि रिंगा, फुग्याचा व्यास साडेबासष्ट सेंटिमीटर. गुरुजींनी तो प्रश्न विचारला नसता तर कमी व्यासाचे खांब जमिनीत गेले असते, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले.

शेतीची अवजारे ठोकायला लागणाऱ्या ऐरणीचा प्रश्न मात्र वेगळ्या रीतीने सोडवला. घणाचे हादरे त्या टांगलेल्या जमिनीला द्यायची गरज नव्हती. ऐरण बाहेर, छपराच्या पुढे आलेल्या पाख्याखाली, जमिनीत पुरलेल्या बाभळीच्या ठोकळ्यावर बसवली, जशी ती आपल्या लोहारांकडे पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहे. ती ऋतूबरोबर बोटभर वर-खाली झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही.

पाणी, आणि खांबांचे काम

खारपाणपट्ट्यात काँक्रीटचे पाणी हा स्वतंत्र विषय आहे. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे. गुरुजींच्या बोअरचे पाणी तपासले तेव्हा क्लोराइड त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. असे पाणी वापरले की काँक्रीट दिसायला चांगलेच होते, पण आतली सळई काही वर्षांत गंजते आणि गंज फुगून काँक्रीट फोडतो. संपूर्ण कामात काँक्रीट पाच घनमीटरच्या आत होते, म्हणजे ते मिसळायला हजार लिटरपेक्षा कमी गोडे पाणी पुरणार होते. खरे पाणी लागते ते नंतर, काँक्रीट ओले ठेवायला. तिथे बोअरचे पाणी मारायचा मोह होतो, आणि मिस्त्रींनी पहिल्या दिवशी पाइप जोडलाही होता. तो काढायला लावला. नळाचे पाणी टाक्यांत साठवले, फळ्यांवर ओली पोती घालून वर प्लॅस्टिक टाकले, आणि तेवढ्या पाण्यात काम निभावले.

भोके एप्रिलच्या मध्यात घेतली. तेव्हा जमीन पूर्ण आकसलेली असते आणि भोकात पाणी येत नाही. मात्र पुढे होणारी सगळी उचल अजून बाकी असते, त्यामुळे फट पूर्ण ८ सेंटिमीटर ठेवावीच लागते. तिवई उभी करून चार माणसे गिरमिट फिरवत होती. साडेतीन मीटर गाठल्यावर फुगा कापायचे हत्यार सोडतात, वरून दांडा दाबला की त्याची पाती उघडतात, आणि कापलेली माती खालच्या बादलीत जमा होऊन वर येते. फुगा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो तपासायला आम्ही काटकोनात वाकवलेली सळई भोकात सोडून चारही बाजूंना फिरवून पाहत होतो.

चौथ्या भोकात ती सळई तीन बाजूंना फिरली आणि चौथ्या बाजूला अडली. ते भोक आदल्या संध्याकाळी पूर्ण झाले होते आणि रात्रभर तसेच उघडे राहिले होते. जमिनीतल्या एका जुन्या भेगेतून कोरडी ढेकळे निसटून फुग्यात पडली होती. वरून विजेरी मारली तर भोक अगदी साफ दिसत होते. हत्यार पुन्हा सोडून फुगा पूर्ण कापला आणि त्यानंतर नियम केला, की ज्या दिवशी भोक त्याच दिवशी काँक्रीट. दुसरी पडताळणी घमेल्यांची. एका खांबात सुमारे ०.२१ घनमीटर काँक्रीट जाते. फुगा नसेल तर ते पाचव्या हिश्श्याने कमी जाईल. त्यामुळे गुरुजी वहीत प्रत्येक भोकाची घमेली मोजत बसले. सहाही आकडे एकमेकांजवळ आले तेव्हा मला स्वस्थ वाटले. काँक्रीट भोकात अडकू नये म्हणून ते सैल लागते, पण तो सैलपणा पाणी वाढवून न आणता काँक्रीट सैल करणारे रासायनिक मिश्रक घालून आणला. उन्हाचा तडाखा टाळण्यासाठी हे काम सकाळी नऊच्या आत उरकले.

तुळईखालची फट राखणेही काळजीचे काम असते. आम्ही वाळूचा थर पसरून त्यावर प्लॅस्टिक टाकून तुळई ओतली आणि आठ दिवसांनी ती वाळू लांब कांबीने ओढून काढली. एका कोपऱ्यात काँक्रीटचा ओघळ जमिनीला टेकला होता, तो छिन्नीने तोडला. हाताएवढा तो ओघळ राहिला असता तर त्या कोपऱ्याला फुगणाऱ्या मातीचा सरळ टेकू मिळाला असता.

परसातले पाणी

पाया कितीही चांगला असो, त्याच्या भोवतीची माती एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली तर त्रास होतोच. गुरुजींच्या आराखड्यात शेडच्या दक्षिण भिंतीला लागून मेथी-पालकाचे वाफे होते. ते तीन मीटर लांब सरकवले. शेडभोवती दीड मीटर रुंदीचा, बाहेर उतार असलेला पट्टा केला. छपराला पन्हळ लावून ते पाणी टाकीत घेतले, आणि टाकी शेडपासून दूर पक्क्या ओट्यावर ठेवली. छपराचे क्षेत्र सुमारे वीस चौरस मीटर आहे, म्हणजे १० मिलिमीटर पाऊस पडला तरी दोनशे लिटर गोडे पाणी मिळते. जिथे बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही तिथे त्याची किंमत वेगळी सांगायला नको. मोठा कडुनिंब शेडपासून दूर होता, तो राहिला. पण शेडच्या मागे लावलेली शेवग्याची दोन रोपे हलवली, कारण झाड वाढले की त्याची मुळे एकाच बाजूची माती शोषून कोरडी करतात.

माझ्याकडून आणखी एक चूक झाली. दरवाज्यासमोरचा काँक्रीटचा उतार मी नकाशात तुळईला जोडून दाखवला होता. तो उतार जमिनीवर टेकलेला असणार, म्हणजे तो उचलला जाणारच, आणि जोडलेला असता तर त्याने उंबऱ्यालाच उचलले असते. ओतण्याच्या आदल्या दिवशी ते लक्षात आले, आणि मध्ये १२ मिलिमीटरची फट सोडून त्यावर लोखंडी पट्टी टाकली.

दोन पावसाळ्यांनंतर

काम संपल्यावर आम्ही आतल्या सहा जागी भिंतीत खिळे मारून पारदर्शक नळीच्या पाण्याच्या पातळीने खुणा केल्या. दोन पावसाळे उलटल्यावरही त्या सहा खुणा एका मिलिमीटरच्या आत जुळतात. एवढी चूक नळीने मोजताना होतेच. बाहेरचा उतार पहिल्या सप्टेंबरात उंबऱ्याच्या मानाने २४ मिलिमीटर वर आला आणि मेमध्ये बराचसा खाली गेला.

पोकळीतल्या नोंदींनी मला अधिक शिकवले. जाळीतून खुणा केलेली काठी घालून गुरुजी खालच्या मातीचे अंतर मोजतात. पहिल्या पावसाळ्यात कडेची माती १५ मिलिमीटर वर आली आणि मधली फक्त ५. उन्हाळ्यात कडेची पुन्हा खाली बसली, पण मधली बसली नाही. दुसऱ्या पावसाळ्याअखेर मध्यभागी उचल १८ मिलिमीटरवर पोहोचली होती. छपराखाली ऊन पोहोचत नाही, बाष्पीभवन होत नाही, त्यामुळे झाकलेली माती हळूहळू ओलावा गोळा करते आणि तो सोडत नाही. भर घालून केलेली फरशी अशा जागी मध्यभागी घुमटासारखी वर येते ती याच कारणाने, आणि ती पहिल्या वर्षी न येता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते, म्हणून लोक तिचे कारण भलतीकडे शोधतात.

खर्चाबद्दल विचारले जाते म्हणून सांगते. पाया आणि जमीन यांवर गेलेला पैसा भिंती आणि छपर यांच्या मिळून खर्चाएवढा झाला. गुरुजींनी तो आधी ऐकला, दोन दिवस विचार केला आणि शेडची लांबी कमी न करता खिडक्यांची लोखंडी जाळी पुढच्या वर्षावर ढकलली.

आता देखभालीचे एकच काम राहिले आहे. तुळईखालच्या ८ सेंटिमीटरच्या फटीत वाऱ्याने पाला आणि माती साचते, उंदीरही बिळे करून माती आत ढकलतात. ती दाबून भरली की फट नावालाच उरते. म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी, वैशाखात, बाहेरची सुट्या विटांची रांग काढून कांबीने ती फट मोकळी करायची आणि विटा पुन्हा लावायच्या. यंदा ते काम गुरुजींच्या नातवाने केले आणि पूर्वेच्या कोपऱ्यातून अर्धी पाटी माती निघाली.